मिरची मान टाकते तेव्हा

दुपारचे दोन वाजले की माझी कुंडीतली मिरची मान टाकते. सकाळी ताठ, टवटवीत. दोनला पानं अशी लोंबतात, की बघणाऱ्याला वाटावं या घरात झाडांचा छळ होतो. मग हात आपोआप झारीकडे जातो. माझ्या हिशेबी, उष्ण आणि दमट हवेत कुंडीतली झाडं तहानेने कमी मरतात, या हाताने जास्त.

अडचण अशी, की तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड दिसायला सारखंच. माती कोरडी असेल तर मुळांना द्यायला पाणी नसतं. मुळं कुजली असतील तर ती पाण्यात उभी असूनही वर काही पाठवू शकत नाहीत. पानांना दोन्ही वेळा एकच निरोप जातो: आज नळाला पाणी नाही. आणि बऱ्याचदा तर दोन्ही नसतं. भर उन्हात पानांतून पाणी उडतं त्या वेगाने मुळांना ते पुरवणं जमत नाही, म्हणून मान खाली. ऊन उतरलं की आपोआप वर. तेव्हा दोन वाजताच्या मिरचीचं ऐकायचं नाही, सकाळी सातची मिरची काय म्हणते ते ऐकायचं. सकाळीही मान खालीच असेल, तर मामला गंभीर.

अशा वेळी बोट कामाला येतं. दोन पेरं मातीत खुपसायचं. वरचा अर्धा इंच खडखडीत आणि खाली चिखल, ही कोकोपीटची, म्हणजे मातीऐवजी वापरतात त्या नारळाच्या काथ्याच्या भुशाची, आवडती थट्टा आहे. ओल लागली तर झारी जागेवर. बोटाहून भरवशाचं म्हणजे कुंडीचं वजन. भरपूर पाणी दिल्यावर एकदा उचलून बघायची, कोरडी झाल्यावर पुन्हा. हात ते लक्षात ठेवतो. 12 इंची कुंडी असेल तर पाठही लक्षात ठेवते, म्हणून तिला एका कडेने किंचित कलती करून बघावी.

याच कोकोपीटचं दुसरं सोंग उलटं. एकदा पार वाळलं, की ते आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतं. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून दोन सेकंदांत खालच्या भोकाबाहेर. आपण खूश, ‘निचरा काय झकास आहे!’ आतला गोळा मात्र कोरडा ठाक. अशी कुंडी पाणी भरलेल्या टबात अर्धा तास बसवायची आणि नंतर निथळू द्यायची.

निचऱ्यावरून आठवलं. कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालावेत, हा सल्ला इतक्या प्रेमाने दिला जातो की नाही म्हणवत नाही. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून जड झाली की मगच ते उतरतं. म्हणजे जो चिखलाचा थर तळाशी राहिला असता, तो खडीमुळे वर सरकून थेट मुळांत येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे. खरा निचरा मिश्रणात असतो: दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळ खत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाड वाळू. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन पिळायचं, त्यात मीठ असू शकतं. आणि कुंडी फरशीवर चिकटून ठेवायची नाही. खाली विटेचे तुकडे लावून दोन बोटं उचलायची, नाहीतर भोकं असूनही नसल्यासारखीच.

संशय फारच बळावला तर झाड अलगद बाहेर काढून मुळं बघावीत. चांगली मुळं पांढुरकी आणि टणक असतात. कुजलेली तपकिरी असतात, त्यांना गटाराचा वास येतो, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात नुसता दोरा राहतो. तो दोरा एकदा पाहिला की झारी जड वाटू लागते. कुजलेलं सगळं कापायचं, वरचा शेंडाही थोडा छाटायचा, ताज्या मिश्रणात लहान कुंडीत लावून सावलीत ठेवायचं. खत अजिबात नाही. आजाऱ्याला पंगतीला बसवत नाहीत.

कोरड्या हवेतले सल्ले इथे उलटतात. ‘झाडं एकमेकांना खेटून ठेवा, दमटपणा टिकतो.’ दमटपणा टिकवायची इथे कुणाला हौस आहे? पानं ओली राहिली की भुरकट डाग आणि करपा हजर. दोन झाडांत वीतभर अंतर हवं, पाणी सकाळी आणि बुंध्याशीच. पानांवर फवारा मारून गारवा आणायचा उद्योगही व्यर्थ, हवाच आधी ओली आहे. गारवा मुळांना हवा असतो. काळी कुंडी उन्हात तापते आणि उन्हाकडच्या बाजूची मुळं भाजतात. बाहेरून पांढरा रंग द्यावा, किंवा ती एका मोठ्या कुंडीत बसवावी. दुपारनंतर सावली मिळाली तर उत्तम.

टोमॅटोबद्दल थोडक्यात. फुलं येतात आणि गळतात. रात्रीही उकाडा 25 अंशांच्या खाली येत नसेल तर परागकण नीट काम करत नाहीत, आणि दमट हवेत ते चिकटून बसतात. यावर खत हा उपाय नाही. ऋतू बदलणं हा आहे, आणि तो आपल्या हातात नाही.

उरला पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की समजावं, वर कुठेतरी पांढरा कापूस जमलाय. त्याचा गोड चिकटा मुंग्या खातात आणि बदल्यात त्याची राखण करतात. एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 ते 2 मिली सौम्य द्रव साबण, सूर्य कलल्यावर, पानांच्या पाठीवर, दर आठवड्याला असं तीनदा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात आणि ढेकूण बघत राहतात.

आत्ता पावणेतीन वाजलेत. मिरचीची मान पार खाली. बोट घालून पाहिलं, ओल आहे. झारी मी माळ्यावर टाकली आहे. शिडी दुसऱ्या खोलीत.