आजारी पडण्याआधी निकाल वाचा

नाशिकात राहताय आणि आजारी पडायचा विचार चाललाय? छानच. फक्त घाई करू नका. आधी ठणठणीत असतानाच उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, कारण छातीत कळ आल्यावर सेतू केंद्राच्या लाइनीत उभं राहायला जरा जड जातं.

बाकी घाबरायचं काही नाही, आपल्या पाठीशी कोर्ट आहे. समजा द्वारका चौकात तुम्हाला ट्रकने उडवलं, तर पडल्या पडल्या एवढंच आठवायचं: 1989, परमानंद कटारा खटला. एका जखमी स्कूटरवाल्याला जवळच्या हॉस्पिटलने घेतलंच नाही, 20 किलोमीटर लांब धाडलं, वाटेतच तो गेला, त्यावरून सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टर सरकारी असो नाहीतर प्रायव्हेट, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद मागाहून. शुद्ध आहे तोवर नाव नीट उच्चारा हं. नाहीतर कॅज्युअल्टीतला पोरगा विचारेल, कटारा कोण, पेशंटचे नातेवाईक का, मग डिपॉझिट तेच भरणार का?

सरकारी दवाखान्यात खाट नाही म्हणाले तर 1996 चा निकाल काढा. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यात एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी परत पाठवलं होतं, तेव्हा कोर्ट म्हणालं, तातडीचे उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. सुरगाण्याहून रात्री गरोदर बाई घेऊन निघालेल्यांनी हे जीपमध्ये मोठ्याने वाचावं, रस्ता लवकर सरतो.

सगळ्यात मनापासून पाळला गेलेला निकाल मात्र 1995 चा. त्यात पैसे मोजणारा पेशंट ग्राहक ठरला. बिलिंग काउंटरला तेवढं बरोबर कळलंय.

आता खरी मजा. धर्मादाय हॉस्पिटलांनी 10 टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, शिवाय बिलांचे 2 टक्के वेगळे काढून त्यातून गरिबांचा खर्च करायचा, ही योजना मुंबई हायकोर्टाने 2006 मध्ये लागू केली. म्हणजे आपल्याकडचं आरोग्य धोरण मंत्रालयात अडलं की हायकोर्टात सुटतं, तेव्हा नाशिककराने फॅमिली डॉक्टरच्या नंबरासोबत मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसचा टाइमही पाठ ठेवावा.

आमच्या मावशीला मागे अशाच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं. योजनेचा बोर्ड होता हो, अगदी नियमाप्रमाणे होता, फक्त त्याच्यापुढे मनी प्लांटची कुंडी ठेवलेली आणि पानांतून ‘निर्ध’ एवढंच दिसत होतं. मी कुंडी सरकवली, तर वॉचमन धावत आला, म्हणे झाडाला हात लावू नका. सोशल वर्कर मॅडम राउंडला, मग जेवायला, मग मीटिंगला. चारच्या सुमाराला भेटल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, त्या कॅटेगरीतल्या खाटा फुल्ल आहेत, जनरलमध्ये घेऊ का? बाजूच्या वॉर्डात तीन गाद्या गुंडाळून ठेवलेल्या मला स्पष्ट दिसत होत्या, पण गादी म्हणजे खाट नव्हे, आपल्याला कायद्यातलं काय कळतंय.

म्हणून अनुभवाने सांगतो, जाताना हायकोर्टाच्या ऑर्डरची प्रिंट घेऊन जा. मी दुसऱ्या दिवशी नेली, सगळी पानं, स्टेपल मारून. काउंटरवरच्या ताईंनी पुढून मागून उलटून बघितली, परत दिली आणि म्हणाल्या, "काका, झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनल आणा."