पेप्टाइडने मोठ्या आतड्याचा कर्करोग बरा होतो, हा दावा का टिकत नाही

‘बीपीसी-१५७ हे पेप्टाइड शरीरातलेच आहे, ते आतडे आतून दुरुस्त करते, त्यामुळे मोठ्या आतड्याचा कर्करोग शस्त्रक्रिया आणि केमोशिवाय बरा होतो, औषध कंपन्या हे दडपून ठेवतात’, असा मजकूर समाजमाध्यमांवर सतत पुढे पाठवला जातो. पेप्टाइड म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची छोटी साखळी. नुकतेच निदान झालेले रुग्णही तो वाचतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

‘शरीरातलेच’ म्हणून निर्धोक, हे आधी बाजूला ठेवू. इन्सुलिनही शरीरातलेच आहे, पण त्याची मात्रा चुकली तर जीव जातो. शिवाय बाजारात मिळणारे बीपीसी-१५७ ही प्रयोगशाळेत तयार केलेली १५ अमिनो आम्लांची साखळी असते आणि ते विकणाऱ्यांच्या कित्येक कुप्यांवर ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असे छापलेले असते.

‘आतडे दुरुस्त करते’ हा या दाव्याचा कणा आहे आणि खरा धोकाही तिथेच आहे. उंदरांवरील प्रयोगांत या पेप्टाइडने जखमा लवकर भरल्याचे दिसले, आणि त्याचे एक कारण म्हणून त्या जागी नव्या रक्तवाहिन्या फुटतात, असे ते प्रयोग करणारेच सांगतात. पण कर्करोगाच्या गाठीलाही एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायचे तर स्वतःचा रक्तपुरवठा लागतोच. म्हणूनच, शरीरात पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळालेले बेव्हासिझुमॅब हे औषध रक्तवाहिन्या वाढवणारा संकेत अडवते. ज्या क्रियेला आवर घालण्यासाठी डॉक्टर औषध देतात, तिलाच चालना देऊ शकणारे इंजेक्शन गाठ असलेल्या माणसाने घ्यावे, असे सांगणे मला अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटते. माणसात त्याने कर्करोग वाढतो हे सिद्ध झालेले नाही, हे खरे. पण तो बरा होतो हेही कुणी दाखवलेले नाही, आणि पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते.

‘पेप्टाइड उपचारांना मान्यता आहे’ असेही काही जण पुढे करतात. ऑक्ट्रिओटाइड आणि ल्युटेशियम डोटाटेट ही पेप्टाइडवर आधारलेली औषधे वापरात आहेत, पण ती न्यूरोएन्डोक्राइन, म्हणजे संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या, गाठींसाठी. मोठ्या आतड्यात बहुतेक रुग्णांना होणारा अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा आतड्याच्या अस्तरातील ग्रंथीपेशींपासून सुरू होणारा, निराळा आजार आहे.

कंपन्या पेप्टाइडे दडपतात म्हणावे, तर मधुमेह आणि वजन कमी करण्यासाठीचे सेमाग्लुटाइड हे औषध पेप्टाइडच आहे आणि ते जगभर विकले जाते.

उलट, वाया गेलेल्या वेळेची किंमत मोजता येते. अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रचलित उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट आढळला. हाच आजार पहिल्या टप्प्यात असताना शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. नवे काही हवेच असेल, तर बायोप्सीच्या तुकड्यावर एमएमआर किंवा एमएसआय तपासणी (डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या पेशींच्या यंत्रणेत दोष आहे का, हे पाहणारी) झाली आहे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. तो दोष आढळलेल्या, पसरलेल्या कर्करोगात पहिलाच उपचार म्हणून पेम्ब्रोलिझुमॅब या, शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढू देणाऱ्या औषधाला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे.