प्रकल्पाचे गुण नेमके कोणाला?

पदवीच्या प्रत्येक सत्रात प्रकल्प सक्तीचा केला की विद्यार्थी आपोआप स्वतंत्र विचार करू लागतील, असे प्रतिपादन प्रकल्पाधारित शिक्षणावरील एका लेखात वाचले; ते मला घाईचे वाटते. डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ साली स्थापन झाल्यापासून ही पद्धत राबवते. मात्र तेथे सत्रातील साधारण निम्मा अभ्यासभार प्रकल्पासाठी राखलेला असतो आणि प्रत्येक गटाला मार्गदर्शक मिळतो. आहे तो अभ्यासक्रम तसाच ठेवून वर प्रकल्पाचे ओझे चढवले, तर मुले शेवटच्या आठवड्यात जुना अहवाल शोधून मुखपृष्ठ बदलतात, आणि त्यात दोष केवळ त्यांचा नसतो.

खरी अडचण मूल्यमापनाची आहे. चौघांच्या गटात ज्याला प्रोग्रॅमिंग येते तोच अखेरपर्यंत प्रोग्रॅम लिहितो, जिची भाषा बरी आहे ती अहवाल लिहिते, आणि उरलेले दोघे सादरीकरणाच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून उभे राहतात. म्हणजे ज्याला जे आधीच येत होते तेवढेच त्याने केले. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला सहकाऱ्याने केलेल्या भागावर प्रश्न विचारणे हा उपाय मला कामाच्या नोंदवहीपेक्षा भरवशाचा वाटतो, कारण नोंदवही एका रात्रीत भरता येते. (त्यासाठी परीक्षकाने अहवाल वाचलेला असावा लागतो, हे वेगळे सांगायला नको.) शिवाय प्रयोग फसला तरी तो का फसला हे नेमके मांडणाऱ्या गटाला चांगले गुण मिळण्याची सोय हवी, अन्यथा आकडे जुळवून आणले जातात. एका मार्गदर्शकाकडे किती गट असावेत, याबद्दल लेखकाने लिहायला हवे होते.