ब्याण्णव ग्रॅमचा मासा

माझा मेव्हणा बोटीवर असतो. सुट्टीवर आला की साबण, परफ्यूम, चॉकलेट असा नेहमीचा माल आणतो, आम्ही पण गप घेतो. यंदा मात्र "भावजी, तुम्ही गरवायला जाता ना" (म्हणजे गळाने मासे पकडायला) म्हणत त्याने माझ्या हातात एक लाकडी मासा ठेवला. पॉपर, म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष, लुअर. तोंड पुढून वाटीसारखं खोलगट, ओढला की पाण्यावर डुब्बुक डुब्बुक करतो आणि खालच्या मोठ्या माशाला वाटतं वर कोणतरी आपल्याला न बोलावता जेवतंय. पोटाला एक नि शेपटीला एक गळ, ओला टॉवेल वाळत घालता येईल एवढे.

आता मी म्हणजे गोव्यात शापोऱ्याच्या जेटीवर संध्याकाळी सात फुटी रॉडने वीसेक ग्रॅमचं काहीतरी फेकणारा माणूस, तांबसो मासा लागला तर स्टेटस, नाही लागला तर म्हापशाहून बांगडे. तोच रॉड, त्यालाच हा पॉपर बांधला आणि खांद्यापासून जोर काढून फेकला. टक्क! पॉपर आणि रॉडचं वरचं सव्वा फूट दोघं जोडीने पाण्यात. दोरी शाबूत होती म्हणून दोघांना ओढून वर काढलं, तर बाजूचा पोरगा म्हणतो, "अंकल, रॉड घावलो मरे!"

घरी येऊन रॉडच्या बुंध्याशी काय लिहिलंय ते पहिल्यांदाच चष्मा लावून वाचलं. १० ते ३० ग्रॅम, म्हणजे एवढंच वजन फेकायचं. मग पॉपर बायकोच्या केकच्या काट्यावर ठेवला. ९२. "अहो, मैद्याचा काटा आहे तो!" हे पुढचे चार दिवस चाललं.

त्यात १ जूनला ट्रॉलरची बंदी लागली, ती ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस घरातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे आणि माझ्याकडे दोन तुकड्यांतला रॉड जो मुळात एकाच तुकड्यात होता.

म्हापशाला दुकानात गेलो. "पात्रांव, वजन कितलें?" मी चौऱ्याऐंशी किलो सांगितलं. त्याला पॉपरचं पाहिजे होतं.

मग त्याने जे सुरू केलं ते लग्न जमवण्यातलं होतं. ४० ते १०० ग्रॅमचा रॉड चालेल ना, ९२ बसतात की? तर नाही, वरच्या आकड्याजवळचं वजन पूर्ण जोराने फेकायचं नसतं, ६० ते १२० बघा. मग सरळ आणखी जाडच घेऊ? तर तसंही नाही, हलक्या लुअरला जाड रॉड वाकतच नाही आणि वाकला नाही तर फेकणार काय, लुअर आपल्याच पायापाशी. रीळ ४००० नंबरच्या साइझचं आहे माझ्याकडे, ते लावू? त्यावर तो नुसता हसला. जाड रॉडला पीई ५ ची दोरी (पीई हा विणलेल्या दोरीच्या जाडीचा नंबर), म्हणजे साधारण ०.३७ मिलिमीटर, ती ४००० च्या रिळात मावणार थोडीशी, आणि मोठा मासा पळाला की तो जातो समुद्राकडे, दोरी संपते आणि तुम्ही रिकाम्या रिळाकडे बघत उभे. म्हणून ८००० चं रीळ. किंमत त्याने डॉक्टर रिपोर्ट सांगतो तशा आवाजात सांगितली. तेवढ्या पैशात आमची चतुर्थी झाली असती, माटोळी, फटाके, सगळं धरून.

मी तीनदा दुकानातून बाहेर आलो आणि तीनदा परत आत गेलो. चोणक म्हणे आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. त्या माशाला एवढा निर्णय घेता येतो आणि मला एक काठी घेता येईना.

शेवटी घेतलं. नऊ फुटी रॉड, ८००० चं रीळ, दोरी, पुढे लावायचा जाड तंगूस, आणि तर्जनीला घालायला एक चामड्याची टोपी, कारण एवढं वजन फेकताना बारीक दोरी बोट कापते (हे टोपी घ्यायच्या आदल्या दिवशी कळलं). घरी कॅल्क्युलेटर काढला: ९२ ग्रॅम दोनशे वेळा फेकले तर १८.४ किलो. घरच्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो आणि तो उचलायला मी शेजारच्याला बोलावतो.

आणि गंमत म्हणजे आता तो पॉपर फेकायला धीर होत नाही. एवढा खर्च ज्याच्यासाठी केला तो पहिल्याच दिवशी खडकात अडकला तर? म्हणून शिशाचा नव्वद ग्रॅमचा गोळा बांधून प्रॅक्टिस करतो, पॉपर शोकेसमध्ये. जेटीवरचा तो पोरगा रोज विचारतो, "अंकल, शिसं कितें खाता?"

काल रात्री मेव्हण्याचा फोन आला, कुठल्यातरी बंदरातून, मागे भोंगे वाजत होते.

"भावजी, कसा आहे तो पॉपर?"

"एकदम बेस्ट."

"तो बारीकच होता हो. ह्या वेळी दोनशे ग्रॅमचा घेतलाय तुमच्यासाठी."

मी फोन ठेवला आणि चष्मा शोधायला लागलो.