खानापूरच्या ताईंना, कुजलेल्या वेलीबद्दल

ताई, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण पहिल्यांदा वाचून मला राग आला होता. तुम्ही लिहिलंत, "शहरात गॅलरीत बसून सल्ले देता. तुमचं ऐकून दर चार दिवसांनी तांब्याभर पाणी घातलं आणि आईनं लावलेली मनी प्लांटची वेल कुजून गेली." वर विचारलंत की पाण्यानं कुजते म्हणता, तर शेजाऱ्यांच्या घरी तीच वेल बाटलीतल्या पाण्यात दोन वर्षं कशी टिकून आहे?

राग उतरल्यावर मनी प्लांटवरचा माझा जुना लेख उघडला. "दर चार दिवसांनी एक तांब्या" हे वाक्य माझंच आहे. लेख एप्रिलमधला. बेळगावच्या वडगावातली आमची गॅलरी पश्चिमेला, दुपारी तीनला फरशीवर पाय टेकवत नाही, आणि तेव्हा वळीवही पडला नव्हता. त्या दिवसांत चार दिवस बरोबर होते. पण मी महिना लिहिला नाही आणि गावही लिहिलं नाही. आपला जिल्हा कसा आहे बघा की! एका टोकाला कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात कोपऱ्यातल्या चपलेला बुरशी येते. दुसऱ्या टोकाला अथणी, तिथं ढगाकडं बघत दिवस जातात. दोन्हीकडं एकच आकडा सांगणं ही माझी चूक. तुम्ही जांबोटीच्या बाजूच्या. जुलैत तुमच्याकडं चादर आठवडाभर वाळत नाही, तर कुंडीतली माती कुठनं वाळणार?

इथं बेळगावातही गेल्या जुलैत मी त्या वेलीला अठरा दिवस पाणी दिलं नव्हतं. आमच्या शेजारच्या आजी मी झारी हातात घेतली की म्हणतात, "झाडास्नी पाणी घालायलीस का बुडवायलीस गं?" लेख लिहिण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं. आता दिवस मोजत नाही. बोट दोन पेरं मातीत घालते. बोटाला ओली माती चिकटली तर झारी परत ठेवते. शंका आली तर कुंडी थोडी उचलून बघते, कोरडी कुंडी हाताला लगेच हलकी लागते.

आता बाटलीचं कोडं. प्रश्न चांगला आहे, मलाही हा बरीच वर्षं पडला होता. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. कुंडीतल्या मातीच्या कणांमध्ये हवेच्या फटी असतात. रोज पाणी पडलं की त्या फटी भरतात, मुळं गुदमरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी बसते. बाटलीत मात्र फांदीला फुटलेली मुळं पहिल्या दिवसापासून पाण्यातच वाढलेली असतात, पाण्यात विरघळलेल्या हवेवर भागवायची त्यांना सवय असते. शिवाय तिथं कुजणारं शेणखत नसतं, आणि बाटलीतलं पाणी कोणीतरी बदलत असतं. मातीत वाढलेल्या मुळांना अचानक चिखलात ठेवलं की ती तग धरत नाहीत. (शेजाऱ्यांना एवढं सांगा, पाणी दर आठवड्याला बदला. डेंग्यूच्या डासाची अंडी साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतात.)

तुमच्या प्रतिक्रियेतल्या दोन गोष्टी मात्र माझ्या खात्यावर घेणार नाही. "शेतातली चांगली तांबडी माती भरली" असं तुम्ही लिहिलंय. शेतात ती चांगलीच असते, पण कुंडीत पाणी घालून घालून ती दाबली जाते, विटेसारखी बसते, आणि पाणी वरच तरंगत राहतं. निम्मी माती, बाकी शेणखत आणि नारळाचा भुसा, शिवाय मूठभर विटांचे बारीक तुकडे असं मिश्रण करा. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवा. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या. दुसरं, "ऊन नको म्हणालात म्हणून देवघराच्या कोपऱ्यात ठेवली." मी थेट ऊन नको म्हटलं होतं, उजेड तर हवाच. अंधारात ती जेमतेम पाणी पिते, आणि तुम्ही तर तांब्याभर घालत होता.

पानं लहान होत गेली असंही तुम्ही लिहिलंय, त्याला खताचं कारण नाही. ही वेल मूळची ताहितीजवळच्या मोओरेआ बेटाची, झाडांवर चढणारी. खाली लोंबत ठेवली की पानं छोटी राहतात, वर चढवली की मोठी होतात. आमच्या ओळखीच्या एका घरी परसात ती फणसावर चढलीय, एकेक पान सुपाएवढं आहे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही शेवटी लिहिलंय, "वरची चार पानं तेवढी हिरवी आहेत." ताई, मग वेल गेलेली नाही! जमिनीजवळचं खोड दाबून बघा, मऊ आणि तपकिरी असेल तर ते सोडून द्या. वर सरकत जा. घट्ट हिरवा भाग लागला की पानाच्या बुडाशी जे पेर असतं, जिथं बारीक तपकिरी टोक डोकावतं, त्याच्या खाली बोटभर सोडून कापा. ते टोक म्हणजे मूळ. पेर नसलेलं नुसतं पान लावू नका, त्याला मुळं फुटलीच तरी कोंब येत नाही. पेर पाण्यात आणि पानं वर राहतील अशी फांदी बाटलीत ठेवा, बाटली उजेडाच्या खिडकीत. दोनतीन आठवड्यांत बोटभर मुळं आली की वर सांगितलेल्या मिश्रणात लावा. पहिले पंधरा दिवस माती ओलसर ठेवा, पान जरा मरगळलं तरी घाबरू नका. पाण्यातली मुळं मातीला रुळायला वेळ घेतात.

चारही पानांचे वेगळे तुकडे केलेत तर चार वेली होतील, एखादी गेली तरी आईची वेल राहील. कापण्याआधी कात्री धुऊन पुसून घ्या, आणि चीक हाताला लागू देऊ नका, खाजतं. अळूचीच जात आहे ती.