शिक्का साहेबांच्या कपाटात आहे

चोरी झाल्याचे सांगायला गेलेल्या माणसाने आधी स्वतः सज्जन असल्याचे सिद्ध करावे, अशी आपल्या राज्यातल्या पोलीस ठाण्यांची रीतच पडून गेली आहे आणि तिचा आता अक्षरशः वीट आला आहे. माझी दुचाकी इमारतीच्या आवारातून हँडल लॉक तोडून नेली. ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला तो हप्ते थकले होते का, हा. फायनान्सवाल्यांनी ओढून नेली नसेल कशावरून? मुलाने मित्राला दिली नसेल कशावरून? लॉक केले होते हे कोणी पाहिले? त्यानंतर सल्ला मिळाला की दोन दिवस आसपासच्या गल्ल्यांत शोधा, पेट्रोल संपले की पोरे गाडी टाकून देतात. साहेब बंदोबस्ताला गेले आहेत, तेव्हा तूर्त साधा अर्ज देऊन जा. अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली, तर शिक्का साहेबांच्या कपाटात निघाला आणि कपाटाची किल्ली साहेबांबरोबर बंदोबस्तावर.

कायदा याविषयी संदिग्ध असता तर एक वेळ समजून घेतले असते. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजीच स्पष्ट करून टाकले की मिळालेल्या माहितीवरून दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीविना सुरू करू शकतात असा गुन्हा, उघड होत असेल तर प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) नोंदवणे बंधनकारक आहे आणि तो न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई झाली पाहिजे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तर गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची, ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिली असल्यास तीन दिवसांत सही घेऊन नोंदीवर घेण्याची आणि फिर्यादीला प्रत विनामूल्य व तत्काळ देण्याची तरतूद केली. नवे कायदे आले तेव्हा ठाण्याठाण्यांत फलक लागले, जनजागृतीचे कार्यक्रम झाले, पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिले गेले. त्या फलकाखाली बसूनच अंमलदार मला सांगत होते की गाडी उभी होती ती इमारत दुभाजकाच्या पलीकडची धरली तर शेजारच्या ठाण्यात येते.

हद्दीचा हा खेळ ज्याने लोकलमध्ये मोबाईल गमावला आहे त्याला विचारावा. गाडीत बसलो तेव्हा खिशात होता, उतरलो तेव्हा नव्हता, एवढेच त्याला ठाऊक असते. परंतु लोहमार्ग पोलीस त्याला नेमक्या कोणत्या दोन स्थानकांच्या मध्ये खिसा कापला गेला हे विचारतात आणि उत्तर काहीही दिले तरी ते ठिकाण दुसऱ्याच ठाण्याकडे निघते. शेवटी दमलेला माणूस ‘भीक नको पण कुत्रा आवर’ म्हणत मोबाईल चोरीला गेल्याऐवजी गहाळ झाल्याचे लिहून देतो, दाखला घेतो आणि सिम कार्डाच्या दुकानाकडे वळतो. चोरी झालीच नाही, तेव्हा चोरही नाही आणि तपासही नाही.

दुचाकी मात्र गहाळ होत नाही, म्हणून माझ्याबाबतीत नुसती चालढकल करावी लागली. ही चालढकल किती महागात पडते हे अंमलदारांना चांगले ठाऊक असते. विमा कंपनी प्रथम माहिती अहवालाची प्रत मागते आणि पुढे गाडी सापडली नाही तर न्यायालयाने मंजूर केलेली ‘ए’ समरी, म्हणजे गुन्हा खरा परंतु तपास लागला नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल, मागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असा निर्वाळा दिला की चोरीची फिर्याद लगेच दिलेली असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा फेटाळता येणार नाही. या संरक्षणाचा सगळा डोलारा फिर्याद लगेच दिली जाण्यावर उभा आहे, आणि ती तारीख तर अंमलदारांच्या मर्जीने पुढे सरकते. माझा गुन्हा अखेर नोंदला गेला तो ओळखीतल्या एका माजी नगरसेवकांनी फोन केल्यावर, चहाच्या एका कपात. अहवालात उशिराचे कारण म्हणून ‘फिर्यादीने गाडीचा इतरत्र शोध घेतला’ असे लिहिले आहे. म्हणजे शोधा म्हणून सांगणारे ते आणि उशीर करणारा मी! कंपनीच्या प्रतिनिधीने नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवले.

हे सगळे आळसातून होत असते तर राग इतका आला नसता. ठाण्यातल्या माणसांवर बंदोबस्ताचा, उत्सवांचा, मंत्र्यांच्या दौऱ्यांचा केवढा बोजा असतो ते दिसतेच. परंतु खरी मेख आकड्यांत आहे. नोंदवलेली आणि उघडकीस न आलेली प्रत्येक चोरी मासिक क्राइम मीटिंगमध्ये प्रभारी अधिकाऱ्याला उभे करते. न नोंदवलेल्या चोरीबद्दल मात्र कोणीही जाब विचारत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा वार्षिक अहवालही नोंदलेलेच गुन्हे मोजतो, मग विरोधक तोच आकडा विधानसभेत फडकवतात आणि सत्ताधारी तोच खाली आल्याबद्दल पाठ थोपटून घेतात. इमानदारीने गुन्हे नोंदवणारे ठाणे या हिशेबात बदनाम ठरते आणि दारातून परत पाठवणारे ठाणे शांतताप्रिय!

नकाराविरुद्ध दाद मागण्याची सोय कायद्याने केलेली आहे, असे कोणी वकील मित्र सांगेल. आहे, जरूर आहे. फिर्यादीने माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी. तिथेही काही झाले नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १७५ अन्वये प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, तिथे पोलिसांचे म्हणणेही ऐकून घेतले जाईल. म्हणजे जुन्या स्कूटरसाठी नागरिकाने शपथेवर लिहून द्यायचे, वकील लावायचा, तारखा घ्यायच्या, आणि ज्याने त्याला परत पाठवले त्याने एका कागदावरही सही केलेली नसते. कारण नकार नेहमी तोंडी असतो. महिलांवरील अत्याचारासारख्या काही ठरावीक गंभीर गुन्ह्यांची माहिती न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेचे कलम १९९ तुरुंगवासाची शिक्षा सांगते, पण चोरीला ते कलम लागू नाही.

आणि गंभीर गुन्ह्यांची फिर्याद घेऊन गेलेल्यांच्या नशिबी तरी काय आले? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. लोक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना खडसावले, अधिकारी निलंबित झाले. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले, आणि जुलै २०२५ मध्ये तसा आदेश झाल्यावर राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, जिथे त्याची डाळ शिजली नाही. माझ्या दुचाकीची या दुःखांशी बरोबरी करण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण टेबल तेच आहे. रोज लहान तक्रारी परतवून लावण्याची सवय जडलेल्या टेबलाला मोठी तक्रार आली म्हणून एकाएकी कर्तव्याची आठवण होत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्यास सांगितले, तेव्हा वाटले होते की निदान कोण आले, किती वेळ बसले आणि काय सांगून परत पाठवले हे तरी कुठेतरी दिसेल. आमच्या ठाण्यातला कॅमेरा दाराकडे तोंड करून आहे. येणारे दिसतात, जाणारे दिसतात, टेबल दिसत नाही.

मागणी अगदी किरकोळ आहे. गुन्हा नोंदवायचा नसेल तर तो का नोंदवत नाही, हे अंमलदाराने आपले नाव, बक्कल क्रमांक, वेळ आणि सहीनिशी लिहून द्यावे, त्याची नोंद स्टेशन डायरीत व्हावी आणि क्राइम मीटिंगमध्ये दाखल गुन्ह्यांबरोबर असे नकारही मोजले जावेत. यासाठी विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही, वेगळा निधी लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. गृह विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि तेवढेही काढवत नसेल तर राज्यातली गुन्हेगारी घटली, हे वाक्य मंत्रिमहोदयांनी निदान ज्यांचे अर्ज पोचेविना परत आले आहेत त्यांच्यासमोर उच्चारू नये.