खुलासा : ब्रिटनच्या अणुबॉम्बची किल्ली अमेरिकेकडे?

‘अमेरिकेने कोड दिल्याशिवाय ब्रिटनला अण्वस्त्र डागताच येत नाही’ असा एक मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. मात्र तो निघाला कुठून, हे समजण्यासारखं आहे.

ब्रिटनची सगळी अण्वस्त्रं व्हॅनगार्ड वर्गाच्या ४ पाणबुड्यांवर असतात. त्यांचा तळ स्कॉटलंडमध्ये फासलेनला. त्यातली ट्रायडंट क्षेपणास्त्रं खरोखरच अमेरिकी बनावटीची. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या किंग्ज बे तळावर दोन्ही देशांचा सामाईक साठा असतो आणि ब्रिटन त्यातून आपला वाटा घेतो. याची मुळं १९६३च्या पोलारिस करारात (पोलारिस या आधीच्या अमेरिकी क्षेपणास्त्रांच्या विक्रीचा करार) आहेत. पण क्षेपणास्त्राच्या टोकावरचा अणुबॉम्ब ब्रिटनमध्येच, बर्कशरमधल्या आल्डरमास्टन इथल्या संस्थेत तयार होतो.

आणि डागण्याचा अधिकार? तो फक्त ब्रिटिश पंतप्रधानांचा. लंडनच बेचिराख झालं तर काय करायचं, याच्या सूचना प्रत्येक पंतप्रधान ४ पत्रांत लिहून ठेवतात. ती पाणबुड्यांच्या तिजोरीत असतात आणि पायउतार झाल्यावर न वाचताच नष्ट केली जातात. वॉशिंग्टनच्या कोडला यात कुठेच जागा नाही. (ब्रिटिश हवाई दलाचे जुने अणुबॉम्ब तर १९९८पर्यंत सायकलच्या कुलुपासारख्या किल्लीने सज्ज होत!)

अवलंबित्व आहे ते वेगळं. अमेरिकेने क्षेपणास्त्रांची देखभाल आणि सुटे भाग थांबवले, तर ब्रिटनची ही ताकद एका रात्रीत नाही, पण हळूहळू झिजत जाईल.